जागा करायला जागा हवी

‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’ ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. म्हणीतल्या त्या बिचाऱ्याचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगण्यासारखे काही घडतच नाही, तो होता तिथेच राहतो. ह्या लेखात आपण अशाच एका कोंडीचा इतिहास पाहणार आहोत. ही कोंडी संगणकाच्या आतली आहे. ती होते तेव्हा यंत्राचा कोणताही भाग बिघडलेला नसतो, आकडेमोडीत चूक झालेली नसते, वीजही गेलेली नसते. तरीही पडद्यावरचे चित्र गोठते आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तोवर डिस्कवर न उतरलेले काम, मग ते निकालपत्रक असो की बँकेतली नोंद, हातचे गेलेले असते.

टेबल, कपाट आणि वही

प्रथम शाळेच्या कार्यालयाचे चित्र डोळ्यांपुढे आणू या. कारकुनाचे टेबल म्हणजे संगणकाची मेमरी. तेथे काम भरभर होते, पण जागा थोडी. भिंतीशी असलेले मोठे कपाट म्हणजे डिस्क. तेथे जागा पुष्कळ, पण प्रत्येक वेळी उठून जावे लागते. कोणती फाइल कोणत्या कप्प्यात आहे, याची एक सूचीवही आहे. ही वही आणि ती लिहिण्याचे नियम म्हणजे फाइल व्यवस्था. वहीत गोंधळ होऊ नये म्हणून एक नियम असतो: एका वेळी एकानेच वही हातात घ्यायची आणि सुरू केलेली नोंद पुरी केल्याशिवाय ती सोडायची नाही. संगणकाच्या भाषेत ह्याला कुलूप म्हणतात.

आता टेबल गच्च भरले आहे. कारकुनाच्या हातात वही आहे, नोंद अर्धी झाली आहे आणि ती पुरी करण्यासाठी एक कोरा कागद पसरायला जागा हवी आहे. तो शिपायाला म्हणतो, “टेबल जरा मोकळे करा.” शिपाई एक कागद उचलतो. हा कागद कपाटात ठेवायचा तर वहीत नोंद करायला हवी. “साहेब, वही मिळाली की लगेच करतो.” कारकून म्हणतो, “जागा झाली की नोंद पुरी करून वही देतोच.” दोघेही कामसू, दोघेही नियमाने वागणारे. संध्याकाळपर्यंत दोघेही तसेच उभे!

संगणकात परिस्थिती ह्याहून चमत्कारिक असते. तेथे पुष्कळदा कारकून आणि शिपाई ही एकच व्यक्ती असते. मेमरी मागणाऱ्या प्रक्रियेलाच ‘मग आधी थोडी साफसफाई कर’ असे सांगितले जाते. साफसफाई करता करता ती फाइल व्यवस्थेत पुन्हा शिरते आणि स्वतःच लावलेल्या कुलपाशी येऊन, ते उघडण्याची वाट पाहत थांबते.

एक पान नेहमी मोकळे

टेबल भरले की कपाटाकडे धाव घ्यायची, ही कल्पना आली कोठून? इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली ‘ॲटलास’ नावाचा संगणक तयार झाला आणि डिसेंबर १९६२ मध्ये तो सुरू झाला. त्याच्या मुख्य मेमरीत सुमारे १६ हजार शब्द मावत, तर फिरत्या चुंबकीय ढोलावर ९६ हजार. ह्या दोन साठ्यांची मोट बांधून वापरणाऱ्याला एकच मोठी मेमरी आहे असे भासवायचे, ही ॲटलासची युक्ती. मेमरीचे ५१२ शब्दांचे एकेक ‘पान’ पाडलेले होते. हवे असलेले पान मेमरीत नसेल तर ते ढोलावरून आणायचे आणि नको असलेले ढोलावर पाठवायचे.

ह्यात एक बारकावा होता. ॲटलासमध्ये मुख्य मेमरीतील एक पान नेहमी मोकळे ठेवलेले असे. नवे पान मागितले की ते आधी त्या मोकळ्या जागेत आणायला सुरुवात होई आणि मग कोणते जुने पान बाहेर काढायचे, हे यंत्र ठरवी. उद्देश वेळ वाचवण्याचा होता. पण जागा करण्यासाठीही थोडी जागा हाताशी हवी, हा धडा त्यात होताच. पुढे ४० वर्षांनी तो पुन्हा गिरवावा लागला.

प्राणघातक मिठी

कोंडीचा शास्त्रशुद्ध विचार नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी केला. १९६५ मध्ये एकमेकांशी सहकार्य करणाऱ्या प्रक्रियांवर लिहिताना त्यांनी ह्या अवस्थेला ‘प्राणघातक मिठी’ म्हटले. आपल्याला धृतराष्ट्राची मिठी आठवेल. फरक इतकाच, की येथे कोणाच्याही मनात कपट नसते.

डाइक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या कार्यप्रणालीचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिची रचना मजल्यामजल्यांची होती. तळाशी प्रोसेसरची वाटणी, त्याच्यावर मेमरीच्या पानांचा कारभार, त्याच्यावर इतर कामे आणि सर्वांत वर वापरणाऱ्यांच्या आज्ञावल्या. वरच्या मजल्याने खालच्याकडे मागावे, खालच्याने वरच्यावर कधी अवलंबून राहू नये, असा शिरस्ता होता. मदतीचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असेल, तर वर्तुळ तयार होणारच नाही. हे वाक्य लक्षात ठेवू या. पुढची सगळी कथा ते कसे मोडले गेले याचीच आहे.

त्याच वर्षी आयबीएम कंपनीतील जे. डब्ल्यू. हॅवेंडर यांनी मोठ्या कार्यप्रणालीसाठी व्यावहारिक उपाय मांडले. लागणाऱ्या सर्व वस्तू एकदमच मागा. किंवा नवी वस्तू मिळत नसेल तर हातातली सोडा. किंवा सर्व वस्तूंना क्रमांक द्या आणि सर्वांनी त्याच क्रमाने त्या मागा. १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी कोंडी होण्यासाठी लागणाऱ्या चार अटी एकत्र मांडल्या. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातले न सोडता आणखी मागितले जाते. हातातले हिसकावून घेता येत नाही. आणि एकमेकांची वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पुरे होते. चारांपैकी एकही अट मोडली की कोंडी होत नाही.

हे वर्गात करून पाहण्याजोगे आहे. दोन विद्यार्थ्यांना मिळून एकच मोजपट्टी आणि एकच पेन्सिल द्या आणि प्रत्येकाला एक सरळ रेघ मारायला सांगा. हातातली वस्तू काम झाल्याशिवाय सोडायची नाही. एकाने आधी पट्टी आणि दुसऱ्याने आधी पेन्सिल उचलली की खेळ थांबतो. आता ‘सर्वांनी आधी पट्टी, मग पेन्सिल’ असा नियम करा. एकाला थोडे थांबावे लागेल, पण रेघा दोन्ही मारल्या जातील.

दोन संसार एक झाले

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली. डिस्ककडे वारंवार जावे लागू नये म्हणून युनिक्स डिस्कवरील मजकुराच्या प्रती मेमरीत ठेवी. बदललेला मजकूरही लगेच डिस्कवर न लिहिता काही काळ मेमरीतच राही आणि दर ३० सेकंदांनी एक छोटी आज्ञावली तो डिस्कवर उतरवण्याची आठवण करून देई. ह्या प्रतींसाठी मेमरीचा ठरावीक तुकडा सुरुवातीलाच बाजूला काढलेला असे. म्हणजे कार्यालयात फाइलींचे टेबल वेगळे आणि इतर कामाचे टेबल वेगळे.

ह्यात एक गैरसोय होती. एक टेबल ओसंडून वाहत असताना दुसरे रिकामे पडे. म्हणून पुढे दोन्ही टेबले जोडली गेली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या कार्यप्रणालीने १९८८ मध्ये हे केले आणि आता बहुतेक ठिकाणी तीच पद्धत आहे. मोकळी असलेली सारी मेमरी फाइलींच्या प्रती ठेवायला वापरायची आणि गरज पडली की त्यातली काही परत घ्यायची. वेग वाढला, मेमरी वाया जाईनाशी झाली. पण मजल्यांचा शिरस्ता मोडला. मेमरीचा कारभार तळमजल्यावरचा. आता जागा करण्यासाठी त्याला वरच्या मजल्यावरील फाइल व्यवस्थेला हाक मारावी लागू लागली आणि फाइल व्यवस्थेला तर मेमरी लागतेच. वर्तुळ पुरे झाले.

येथे एक भेद समजून घ्यायला हवा. टेबलावरचे काही कागद कपाटातल्या मूळ कागदांच्या हुबेहूब प्रती असतात. ते सरळ रद्दीत टाकले तरी नुकसान नाही. काही कागदांवर मात्र नवा मजकूर लिहिलेला असतो. ते कपाटात नीट ठेवल्याशिवाय टेबलावरून हलवता येत नाहीत. पहिल्या प्रकाराला ‘स्वच्छ’ पाने म्हणतात, दुसऱ्याला ‘मळकी’. कोंडीचे मूळ प्रामुख्याने मळक्या पानांत असते.

मागणीबरोबर चिठ्ठी

१९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सची सुरुवात केली. आज आपल्या हातातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच असते. ह्या कार्यप्रणालीचा मजकूर कोणालाही वाचता येत असल्यामुळे कोंडी टाळण्याचे प्रयत्न कसकसे बदलत गेले, हे आपल्याला पाहता येते.

लिनक्समध्ये मेमरी मागताना मागणीबरोबर एक चिठ्ठी जोडावी लागते. साध्या चिठ्ठीचा अर्थ, ‘हवे ते करा, पण जागा द्या.’ दुसरी चिठ्ठी ‘नोएफएस’ नावाची. ती म्हणते, ‘जागा द्या, पण त्यासाठी फाइल व्यवस्थेला हाक मारू नका.’ तिसरी ‘नोआयओ’. ती म्हणते, ‘डिस्कलाच हात लावू नका.’ ह्या चिठ्ठ्यांना त्यांचे आजचे रूप २००१ च्या सुमारास, २.४ मालिकेच्या काळात आले. आपला कारकून आता शहाणा झाला. वही हातात असताना तो शिपायाला सांगतो, “टेबल मोकळे करा, पण वही लागेल असे काही करू नका. रद्दी तेवढी उचला.”

ह्याच काळात फाइल व्यवस्थाही अधिक सावध झाल्या. वीज अचानक गेली तरी सूचीवहीत अर्धवट नोंद राहू नये म्हणून त्या रोजकीर्द ठेवू लागल्या. आधी रोजकीर्दीत लिहायचे, मग खतावणीत उतरवायचे. वाणसामानाच्या दुकानातली ही जुनी रीत. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची ‘एक्सएफएस’ १९९४ मध्ये आली आणि पुढे लिनक्समध्ये दाखल झाली. लिनक्सची ‘ईएक्सटी ३’ २००१ मध्ये आली. रोजकीर्दीमुळे हिशेब सुरक्षित झाला, पण कोंडीची एक नवी वाट उघडली. एक व्यवहार रोजकीर्दीत अर्धा लिहून झाला आहे आणि तेवढ्यात मेमरी हवी आहे. जागा करण्यासाठी दुसऱ्याच एका फाइलीचे पान डिस्कवर लिहायचे, तर त्यासाठी रोजकीर्दीत नवा व्यवहार सुरू करायला हवा. रोजकीर्दीत जागा नसेल, तर आधीचे व्यवहार पुरे होईपर्यंत थांबायला हवे. आणि आधीचा व्यवहार तर आपलाच, अर्धा राहिलेला! म्हणून व्यवहार चालू असताना ‘नोएफएस’ चिठ्ठी अत्यावश्यक ठरली.

राखीव साठा आणि पहारेकरी

चिठ्ठीने वर्तुळ टळते, पण जागा मिळेलच अशी हमी मिळत नाही. रद्दी मुळीच नसेल तर काय? त्यासाठी २००२ च्या सुमारास लिनक्समध्ये छोट्या राखीव साठ्यांची सोय आली. डिस्कवर लिहिण्यासाठी लागणारे थोडेसे सामान आधीच बाजूला ठेवायचे. एक लेखन पुरे झाले की ते सामान परत येते आणि पुढच्या लेखनाला मिळते. काम सावकाश होईल, पण थांबणार नाही. ॲटलासचे ते एक मोकळे पान आपल्याला येथे पुन्हा भेटते.

दुसरी अडचण चूक सापडण्याची. कोंडी होण्यासाठी मेमरी नेमकी त्याच क्षणी संपावी लागते, जेव्हा नेमके तेच कुलूप हातात असते. चाचणीत हजार वेळा न घडणारी गोष्ट एखाद्या दिवशी भर कामात घडते. २००६ मध्ये इंगो मोल्नार आणि आर्यन व्हान डे व्हेन यांनी लिनक्समध्ये एक पहारेकरी बसवला. कोणते कुलूप कोणत्या कुलपानंतर लावले गेले, ह्याची तो टिपणे ठेवतो. एका ठिकाणी ‘आधी पट्टी, मग पेन्सिल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आधी पेन्सिल, मग पट्टी’ असे दिसले, की प्रत्यक्ष कोंडी झालेली नसतानाही तो इशारा देतो. २००९ मध्ये निक पिगिन यांच्या कामामुळे मेमरीची साफसफाईही ह्या टिपणांत आली. म्हणजे साफसफाई हेही जणू एक कुलूपच मानले गेले. अपघात होण्याची वाट न पाहता अपघाताची जागा दाखवणारे हे साधन फार मोलाचे ठरले.

२०१२ मध्ये आणखी एक पाऊल पडले. मेमरी मागणाऱ्या प्रक्रियेनेच फाइलींची मळकी पाने डिस्कवर लिहायची, ही रीत बंद करून ते काम पार्श्वभूमीवर चालणाऱ्या स्वतंत्र प्रक्रियांकडे सोपवले गेले. तरीही फाइलींबद्दलची माहिती मेमरीतून काढताना फाइल व्यवस्थेला हाक जातेच. त्यामुळे चिठ्ठीची गरज संपली नाही.

नाही म्हणता न येणारा

२०१४ च्या अखेरीस एक अस्वस्थ करणारी गोष्ट चर्चेत आली. मेमरीची मागणी पुरी होत नसेल तर मागणाऱ्याला ‘नाही’ असे उत्तर मिळेल आणि तो मागे फिरेल, असे अनेक प्रोग्रामर गृहीत धरून होते. प्रत्यक्षात आठ पानांपर्यंतच्या, म्हणजे ४ किलोबाइटचे पान धरल्यास ३२ किलोबाइटपर्यंतच्या साध्या मागणीला लिनक्स सहसा ‘नाही’ म्हणतच नसे. जागा होईपर्यंत ते प्रयत्न करत राही. हातात कुलूप घेतलेली प्रक्रिया अशी अनंत काळ थांबू शकत होती.

शेवटचा उपाय म्हणून लिनक्स एखादी मोठी प्रक्रिया बळी देते, म्हणजे ती बंद करून तिची मेमरी परत घेते. पण बळीसाठी निवडलेली प्रक्रिया त्याच कुलपासाठी ताटकळत असेल तर? कुलूप मिळाल्याशिवाय तिला बंद होता येत नाही. ती बंद झाल्याशिवाय मेमरी मिळत नाही. मेमरी मिळाल्याशिवाय कुलूप सुटत नाही. २०१६ मध्ये ह्यावर तोड निघाली. बळी पूर्ण बंद होण्याची वाट न पाहताच तिची बरीचशी मेमरी काढून घेणारी स्वतंत्र यंत्रणा आली. कॉफमन यांच्या यादीतली ‘हिसकावून घेता येत नाही’ ही तिसरी अट येथे मोडली गेली.

चिठ्ठी कागदावर नको, दारावर हवी

आता ‘नोएफएस’ चिठ्ठीची दुसरी बाजू. ही चिठ्ठी फुकट नाही. सगळेच जर म्हणू लागले, ‘जागा द्या, पण वहीला हात लावू नका’, तर वहीचे काम कोण करणार? मळक्या पानांचे ढीग साचत जाणार. तरीही, कोठे धोका आहे हे नक्की ठाऊक नसल्यामुळे प्रोग्रामर भीतीपोटी ही चिठ्ठी जागोजागी जोडत. दोष त्यांचा नव्हता. एखादी छोटी आज्ञावली अनेक ठिकाणांहून बोलावली जाते. आपल्याला बोलावणाऱ्याच्या हातात वही आहे की नाही, हे तिला कसे कळावे?

उत्तर असे निघाले की चिठ्ठी प्रत्येक मागणीला जोडण्याऐवजी धोक्याच्या खोलीच्या दारावर लावायची. जी प्रक्रिया व्यवहार सुरू करते, तिने त्याच क्षणी स्वतःवर खूण करायची: ‘आतापासून माझी प्रत्येक मागणी नोएफएस समजा.’ व्यवहार संपला की खूण काढायची. मधल्या काळात कितीही खोलवरच्या आज्ञावलीने मेमरी मागितली, तरी ही अट आपोआप लागू होते. एक्सएफएसमध्ये अशी एक खूण आधीपासून होती. डिस्क वापरण्याबद्दलची अशीच सोय २०१३ मध्ये सर्वांसाठी आली होती. फाइल व्यवस्थेसाठीची सोय मिखाल होत्स्को यांच्या कामातून जुलै २०१७ मधल्या ४.१२ ह्या आवृत्तीत आली. खूण करताना आधीची स्थिती जपून ठेवली जाते आणि बाहेर पडताना तीच परत लावली जाते. त्यामुळे खोलीत खोली असली तरी गोंधळ होत नाही.

ह्या बदलाने एक शिस्तही आणली. खूण करायची तर धोका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे प्रोग्रामरला ठरवावेच लागते. ‘असू द्या, सावधगिरी बरी’ एवढे म्हणून भागत नाही. भीतीची जागा समजुतीने घेतली, असे आम्हांला वाटते.

१९६२ पासूनच्या ह्या कथेत मेमरी कित्येक पटींनी वाढली, पण कोंडी केवळ मेमरी वाढवून सुटली नाही. टेबल कितीही मोठे केले तरी ते कधी ना कधी भरतेच. कोंडी सुटली ती कोण कोणाची वाट पाहतो, हे नीट मांडल्यामुळे आणि मदत मागणाऱ्याने आपल्या हातात काय अडकले आहे हे आधीच सांगितल्यामुळे. विद्यार्थ्यांना तो पट्टी-पेन्सिलीचा खेळ दिल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: आपल्या शाळेत, घरात, बसस्थानकावर अशी कोंडी कोठे दिसते, आणि चार अटींपैकी कोणती मोडली तर ती सुटेल? उत्तरे फळ्यावर लिहून काढली, तर कार्यप्रणालीचा निम्मा धडा त्यांतच शिकवून होईल.